वळणाचं वजन

२५ नोव्हेंबर २००९ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून एक सुखोई-३० एमकेआय आकाशात झेपावलं. मागच्या आसनावर तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील होत्या. वय चौऱ्याहत्तर, जन्म जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावचा. तीन वर्षांपूर्वी, जून २००६ मध्ये, ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनीही याच तळावरून सुखोईतून उड्डाण केलं होतं आणि त्यांचंही वय तेव्हा चौऱ्याहत्तरच होतं. प्रतिभाताईंची त्या दिवशीची छायाचित्रं देशभर गाजली. सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत स्थिरावलेल्या खानदेशी कुटुंबांना तर ही आपल्या तापीकाठची बाई म्हणून अधिकच जवळची. त्या छायाचित्रांत त्यांच्या अंगावर जो पेहराव दिसतो, त्याला जी-सूट म्हणतात. पोट, मांड्या आणि पोटऱ्या यांभोवती हवेच्या पिशव्या असलेला हा पोशाख विमानाला नळीने जोडलेला असतो आणि ठरावीक क्षणी आपोआप फुगून शरीर आवळून धरतो.

तो क्षण कोणता? पुष्कळांना वाटतं, प्रचंड वेगाचा किंवा प्रचंड उंचीचा. प्रत्यक्षात ताशी दोन हजार किलोमीटर वेगाने सरळ रेषेत जाणाऱ्या विमानात तो सूट ढिम्म राहतो आणि त्याच्या निम्म्याहून कमी वेगात विमान झटकन वळलं की लगेच फुगतो. वेगाचा त्रास शरीराला होत नाही. त्रास होतो तो मार्ग वाकण्याचा. सुरतेच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या नऊ आसनी विमानापासून लोहगावच्या सुखोईपर्यंत सगळ्यांना हा एकच नियम लागू आहे. फरक आहे तो फक्त आकड्यांचा.

आधी ‘जी’ म्हणजे काय ते पाहू. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणामुळे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद इतका वाढतो. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९०१ मध्ये हा आकडा ९.८०६६५ असा कायमचा ठरवून टाकला. हेच ‘एक जी’. गंमत अशी की, गुरुत्वाकर्षण स्वतः कुणालाच जाणवत नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाला जाणवतो तो खुर्चीने खालून दिलेला रेटा. खुर्ची काढून घेतली, तर पडता पडता तो माणूस पूर्ण भारहीन असतो, कारण त्याला रेटणारं काही उरत नाही. विमानातलं जी-मापक यंत्र हाच रेटा मोजतं. विमान सरळ आणि समतल उडत असेल तर काटा १ वर असतो, दगडासारखं पडत असेल तर ० वर. खुर्ची नेहमीपेक्षा दुप्पट जोराने वर ढकलत असेल तर काटा २ दाखवतो आणि साठ किलोच्या माणसाला आपण एकशेवीस किलोचे झालो असं वाटतं. वाटतं म्हणणंही कमीच आहे. त्याचं रक्त, त्याचं यकृत, त्याचे गाल, सगळं खरोखरच दुप्पट जड झाल्यासारखं वागतं.

विमानाच्या बाबतीत ही खुर्ची म्हणजे शेवटी पंख. हवेत दुसरा आधार नाही. त्यामुळे पंख विमानाच्या वजनाच्या किती पट उचल निर्माण करतात, तेवढे जी आत बसलेल्याला जाणवतात. अभियंते या गुणोत्तराला भारगुणक म्हणतात. या लेखातला पुढचा सगळा विचार या एका गुणोत्तराभोवती फिरतो.

महाराष्ट्र मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात जत्रेतला ‘मौत का कुआँ’ येतो. लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल गोल गोल फिरते. विहिरीची त्रिज्या पाच मीटर आणि वेग ताशी सुमारे त्रेचाळीस किलोमीटर धरला, तर भिंतीचा रेटा आणि गाडी घसरू न देणारं घर्षण मिळून स्वाराला तीन जींहून थोडा अधिक भार सोसावा लागतो. विमानाच्या वळणात हेच घडतं. फक्त तिथे सुताराने बांधलेली भिंत नसते. विमान कुशीवर कलतं, त्याबरोबर पंखांची उचलही तिरकी होते. तिचा एक भाग वर राहून वजन तोलतो, दुसरा आडवा होऊन विमानाला वळणाच्या केंद्राकडे ओढतो. पंख स्वतःच आपली भिंत उभी करतात. वर सांगितलेल्या मोटारसायकलस्वाराला जेवढा भार जाणवतो, तेवढाच ७१ अंश कललेल्या विमानातल्या वैमानिकाला जाणवतो. दोन्हीकडचं गणित अक्षरशः सारखं आहे.

उंची न गमावता वळायचं असेल, तर उचलीचा उभा भाग वजनाएवढा राहायलाच हवा. म्हणून कल वाढला की एकूण उचल वाढवावी लागते. भारगुणक म्हणजे एक भागिले कलाच्या कोनाची कोज्या. या सूत्रात ना विमानाचं वजन येतं, ना वेग, ना इंजिनाची ताकद. तीस अंश कललेलं कुठलंही विमान, मग ते छोटं सेस्ना असो की जंबो जेट, आतल्या माणसाला १.१५ जीच देतं. पंचेचाळीस अंशांना १.४१, साठ अंशांना नेमके २. इथवर आकडे सभ्य आहेत. पुढे मात्र ते उसळतात. पंच्याहत्तर अंशांना ३.८६, ऐंशीला ५.७६ आणि साडेत्र्याऐंशी अंशांच्या किंचित पुढे ९. शेवटच्या साडेतीन अंशांत तीन जींहून अधिक भर पडते. लढाऊ वैमानिकाची मनगटं इतकी काटेकोर का असावी लागतात, ते या आकड्यांवरून कळतं.

आता सुरतेकडे वळू. विमानतळाची धावपट्टी साधारण ईशान्य-नैऋत्य दिशेची, २,९०५ मीटर लांब. नैऋत्येला डुमसचा किनारा आणि खंभातचं आखात. समुद्राच्या बाजूला झेपावलेलं दिल्लीचं विमान वळू लागतं, तेव्हा एका बाजूच्या खिडकीतून नुसतं आकाश दिसतं, दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून थेट खाली तापीचं मुख. पहिल्यांदाच विमानात बसलेल्यांचे हात इथे खुर्चीचे दांडे घट्ट धरतात. वास्तविक प्रवासी विमानाचा स्वयंचालक सामान्यतः पंचवीस-तीस अंशांपलीकडे कलत नाही. पंचवीस अंशांना भारगुणक होतो १.१०. साठ किलोच्या माणसाचं वजन सहा किलोंनी वाढतं, बस्स. डोळ्यांना जे भयंकर दिसतं ते शरीराच्या लेखी जवळपास काहीच नाही, आणि याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. नीट घेतलेल्या वळणात एकूण बल नेहमी विमानाच्या जमिनीकडेच, म्हणजे आसनाच्या दिशेनेच लागतं. पेल्यातलं पाणी पेल्याशी सपाटच राहतं. खिडकीचा पडदा ओढून बसलेल्याला विमान वळतंय हेही अनेकदा कळत नाही.

बोइंगचा चाचणी वैमानिक टेक्स जॉन्स्टन याने हे ऑगस्ट १९५५ मध्ये साऱ्या जगाला दाखवून दिलं. सिअॅटलजवळच्या लेक वॉशिंग्टनवर हजारो लोकांसमोर त्याने बोइंग ७०७चा पूर्वज असलेलं चार इंजिनांचं जेट सबंध उलटं फिरवून सरळ केलं. प्रेक्षकांचा श्वास अडकला, कंपनीच्या प्रमुखांनी त्याला बोलावून खडसावलं. त्याचं उत्तर असं होतं की, हा एक जीचा प्रकार आहे, विमानाला त्यात काही जाणवतच नाही. विमान उलटं होणं आणि विमानावर भार येणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्याने अंगावर जोखीम घेऊन शिकवलं. नियमित सेवेतल्या वैमानिकाने त्याचं अनुकरण करू नये, हे मात्र सांगायलाच हवं.

वेग सूत्रात येत नाही म्हटलं, पण तो दुसऱ्या दाराने येतो. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पंचवीस अंश कलून ताशी तीनशे किलोमीटरने उडणारं विमान दीड किलोमीटर त्रिज्येत वळतं. तेच विमान त्याच कलाने ताशी नऊशे किलोमीटरला वळायला गेलं, तर त्रिज्या होते पावणेचौदा किलोमीटर. त्या वर्तुळात अख्खी सुरत सहज मावते. लढाऊ वैमानिकाला एवढी ऐसपैस जागा परवडत नाही, शत्रू त्याआधीच त्याच्या पाठीशी येईल. त्याच नऊशेच्या वेगात त्याने नऊ जी खेचले, तर त्रिज्या सुमारे सातशे मीटरवर येते आणि विमान दर सेकंदाला वीस अंश दिशा बदलतं. नऊ सेकंदांत पूर्ण पाठमोरं. नऊ जींचा हव्यास आहे तो या नऊ सेकंदांसाठी.

उभ्या वर्तुळात हिशेब आणखी रंगतदार होतो. हवाई दलाच्या सूर्यकिरण कसरत पथकाचा लूप, म्हणजे आकाशात काढलेलं उभं वर्तुळ, गुजरात-महाराष्ट्रात लाखोंनी पाहिला आहे. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत विश्वचषकाच्या अंतिम सामन्याआधी त्यांची विमानं स्टेडियमवरून गेली, तर जानेवारी २०२४ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर त्यांनी पूर्ण कवायत केली. या पथकाचं घर बीदर, म्हणजे मराठी कानांना परकं नसलेलं सीमेवरचं गाव. १९९६ मध्ये किरण विमानांवर हे पथक उभं राहिलं, २०११ मध्ये थांबलं आणि २०१५ मध्ये हॉक विमानांवर पुन्हा उभं राहिलं. हॉकची मर्यादा अधिक आठ आणि उणे चार जी.

लूपच्या तळाशी पंखांना दोन कामं असतात. वजन तोलायचं आणि शिवाय विमानाला वर्तुळाच्या केंद्राकडे, म्हणजे वर, वळवायचं. माथ्यावर विमान उलटं असतं आणि तिथे गुरुत्वाकर्षणच वळवण्याचं काम करतं. बारावीच्या पुस्तकातल्या आदर्श उभ्या वर्तुळात माथ्यावर जेमतेम भारहीन राहायचं असेल, तर तळाशी नेमके सहा जी सोसावे लागतात. चारशे मीटर त्रिज्येचं वर्तुळ घेतलं, तर तळाशी वेग हवा ताशी पाचशे किलोमीटर आणि माथ्यावर तो उतरून सव्वादोनशेच्या आसपास येतो. प्रत्यक्षात वैमानिक अचूक वर्तुळ काढतच नाही. माथ्यावर वेग घटला की त्रिज्याही घटते आणि आकृती उभ्या अंड्यासारखी होते. जमिनीवरून ती गोल दिसावी म्हणून केलेली धडपड हीच खरी कला. आणि नऊ विमानांच्या पथकात नेत्याने विमानाच्या नियंत्रणाची काडी कशी खेचली यावर मागच्या आठ जणांचं आयुष्य अवलंबून असतं. त्याने भार झटक्याने वाढवला, तर मागच्यांना तोच झटका क्षणभर उशिराने आणि मोठ्या मापाने द्यावा लागतो. म्हणून उत्तम पथकनेत्याची ओळख तो किती जी खेचतो यावरून होत नाही, किती सलग खेचतो यावरून होते.

आता शरीर. या विषयात सर्वांत नाजूक भाग तोच आहे.

बसलेल्या माणसाचे डोळे त्याच्या हृदयापेक्षा साधारण तीस सेंटिमीटर उंचावर असतात. एवढा रक्ताचा स्तंभ वर चढवायला एक जीमध्ये पाऱ्याच्या सुमारे तेवीस मिलिमीटरएवढा दाब खर्ची पडतो. निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब एकशेवीस. दोन जींना खर्च शेहेचाळीस, तीनला सत्तर, पाचला एकशेसतरा. म्हणजे पाच जींच्या आसपास हृदय कितीही इमानाने धडधडलं, तरी रक्त मेंदूपर्यंत पोचत नाही. डोळ्याच्या आत स्वतःचा थोडा दाब असतो, त्यामुळे दृष्टिपटलाचा पुरवठा मेंदूच्याही आधी तुटतो. आधी रंग फिके होतात, मग दृष्टी कडेकडून आक्रसून नळीतून पाहिल्यासारखी होते, मग पूर्ण काळोख. हा ब्लॅकआऊट. या टप्प्यावर वैमानिक शुद्धीवर असतो, ऐकू शकतो, पण पाहू शकत नाही. भार तसाच राहिला तर पुढची पायरी बेशुद्धीची.

ही पायऱ्यांची उतरंड म्हणजे निसर्गाने दिलेली पूर्वसूचना होती. आधुनिक विमानांनी ती हिरावून घेतली. मेंदू आणि दृष्टिपटल यांच्याकडे प्राणवायूची जी थोडी शिल्लक असते, ती चार-सहा सेकंद पुरते. जुनी विमानं हळूहळू भार वाढवत, त्यामुळे डोळ्यांसमोर अंधारी येई आणि वैमानिक काडी सैल सोडे. नवी विमानं एक-दोन सेकंदांत नऊ जींवर जातात. मग शिल्लक संपेपर्यंत सगळं ठीक भासतं आणि ती संपली की अंधारीबिंधारी न येता माणूस थेट कोसळतो. पूर्ण बेशुद्धी साधारण बारा सेकंदांची आणि त्यानंतर जवळपास तेवढाच काळ गोंधळलेला. ताशी नऊशे किलोमीटर वेगाच्या विमानात चोवीस सेकंद म्हणजे सहा किलोमीटर. अनेकांना शुद्धीवर आल्यावर आपण बेशुद्ध पडलो होतो हेही आठवत नाही, ही या अवस्थेची सर्वांत घातक बाजू.

उपाय दुसऱ्या महायुद्धात सापडू लागले. कॅनडात टोरांटोला विल्बर फ्रँक्स यांनी पाण्याने भरलेला सूट बनवला, ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाचे फ्रँक कॉटन यांनी हवेचा. हवेची कल्पना टिकली. आजचा सूट पायांकडे आणि पोटाकडे ओघळणारं रक्त तिथेच अडवतो, पण त्याच्या एकट्याच्या जिवावर फार तर एक-दीड जींची भर पडते. उरलेलं काम माणसालाच करावं लागतं. भार येण्याआधी पाय आणि पोटाचे स्नायू आवळायचे, छाती भरून श्वास कोंडायचा आणि दर तीन सेकंदांनी झटक्यात बदलायचा. हे करत असताना शत्रूकडे मान वळवून पाहायचं असतं. नऊ जींमध्ये शिरस्त्राणासह साडेसहा किलोंचं डोकं अठ्ठावन्न किलोंचं झालेलं असतं. मानेची आणि कण्याची दुखणी लढाऊ वैमानिकांच्या आयुष्याला का चिकटतात, ते वेगळं सांगायला नको.

भारतात हे शिक्षण बेंगळुरूच्या हवाई दलाच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत मिळतं. लांब भुजेच्या टोकाला बसवलेल्या कोठडीत माणसाला गरगर फिरवणारं अपकेंद्री यंत्र तिथे आहे. लढाऊ वैमानिकांना तिथे श्वासाची ही तालीम दिली जाते आणि गगनयानासाठी निवडलेल्या अंतराळवीरांची पारखही याच संस्थेने केली. एफ-१६ च्या रचनाकारांनी दुसरी वाट धरली. त्यांनी आसनच तीस अंश मागे कलवलं, म्हणजे हृदय आणि डोळे यांमधलं उभं अंतर कमी झालं. अंतराळयानात माणसाला जवळपास उताणं झोपवतात तेही यासाठीच, कारण छातीकडून पाठीकडे जाणारा भार रक्ताला डोक्यापासून हिरावत नाही. अमेरिकेचे डॉ. जॉन स्टॅप १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीतून थांबताना क्षणभर ४६.२ जी सोसून जिवंत राहिले. आडवा भार आणि उभा भार यांत इतकं अंतर आहे.

उभा भार उलट दिशेने आला, तर शरीराला तो अधिक जींपेक्षाही कमी सोसतो. उणे जींमध्ये रक्त डोक्याकडे धावतं, आणि उणे तीनच्या आसपास बहुतेकांची सहनशक्ती संपते. त्यासाठी कुठलाही सूट नाही. म्हणून खाली सूर मारायचा असला, तरी लढाऊ वैमानिक आधी विमान उलटं करतो आणि मग अधिक जी खेचत खाली येतो. पाहणाऱ्याला ती कसरत वाटते, पण त्यामागे साधी शरीररचना आहे.

धातूलाही मर्यादा आहेत, आणि त्या फार विचारपूर्वक आखलेल्या आहेत. प्रवासी विमानाला अधिक २.५ आणि उणे १ जी सोसता आले पाहिजेत, तेही काहीही कायमचं न वाकता. त्याच्या दीडपट भारापर्यंत पंख तुटता कामा नये. छोट्या सामान्य वर्गातल्या विमानांना ३.८, कसरतीच्या वर्गातल्यांना ६. हिरे व्यापाऱ्यांनी सुरतेत उभ्या केलेल्या व्हेंचुरा एअरकनेक्टने २०२२ पासून भावनगर, राजकोट, अमरेलीकडे नऊ आसनी सेस्ना कॅरव्हॅन उडवायला सुरुवात केली. आखात ओलांडून भावनगरला नेणारं ते एका इंजिनाचं विमान या ३.८च्या वर्गात मोडतं. कागदावर ते मोठ्या जेटपेक्षा चिवट आहे. तशी गरजही आहे, कारण हलकं विमान वाऱ्याच्या झोताने जास्त हेलकावतं.

पंख किती जी देऊ शकतो यालाही वेगाची अट आहे. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून साठ अंशांच्या वळणात विमान ज्या वेगाला उचल गमावून कोसळू लागतं तो वेग नेहमीच्या १.४१ पट होतो, तर नऊ जींना तिप्पट. धावपट्टीच्या रांगेत येण्यासाठी कमी उंचीवर, कमी वेगात जास्त कलून वळणाऱ्या शिकाऊ वैमानिकांचे जगभर जीव गेले आहेत ते इथेच. वेग कमी होता एवढंच कारण नसतं. वळणाने त्या वेगाची किंमत वाढवून ठेवलेली असते. शिरपूर, धुळे, बारामती, गोंदिया इथल्या उड्डाण शाळांत हा धडा सुरुवातीलाच घोटून घेतात आणि तो घोटलाच पाहिजे.

याच गणितातून एक सुरक्षित वेग निघतो. त्याच्या खाली असताना काडी कितीही खेचली तरी पंख तुटण्याआधी उचल गमावतो. कॅरव्हॅनसारख्या विमानात हा वेग कोसळण्याच्या वेगाच्या जवळपास दुप्पट येतो. पण या वेगावर डोळे मिटून विसंबणं किती महागात पडतं ते १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये दिसलं. अमेरिकन एअरलाइन्सच्या एअरबस ए३०० च्या सहवैमानिकाने पुढच्या विमानाच्या मागे उठलेल्या भोवऱ्यात सापडल्यावर पायाखालचं सुकाणू लागोपाठ डावी-उजवीकडे दाबलं. शेपटीचा उभा पंख तुटून पडला आणि २६५ जण मृत्यू पावले. वेग तेव्हा सुरक्षित मर्यादेच्या आतच होता. ती मर्यादा एका दिशेच्या एका झटक्यासाठी असते, उलटसुलट झटक्यांसाठी नव्हे, हे त्यानंतर जगभरच्या प्रशिक्षणात ठासून सांगितलं जाऊ लागलं.

लष्करी विमानात भाराची नोंद आयुष्यभर ठेवली जाते. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून उभा आहे. आधी मिग-२१, नंतर सुखोई, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे बनलेलं पहिलं तेजस एमके-१ए आकाशात गेलं. ओझरला दुरुस्तीसाठी येणाऱ्या विमानाचं वय फक्त उड्डाणाच्या तासांत मोजून भागत नाही. दुप्पट ताणाने धातूची हानी दुप्पट होत नाही, कित्येक पट होते. त्यामुळे दोन विमानांचे तास सारखे असले तरी ज्याने जास्त वेळा सात-आठ जी पाहिले, ते आधी थकतं. कसरती करणाऱ्या विमानाचं आयुष्य खऱ्या अर्थाने जींमध्ये खर्च होतं.

सामान्य प्रवाशाच्या दृष्टीने मात्र सगळ्यात महत्त्वाची घटना कसरतीची नाही. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला निघालेलं स्पाइसजेटचं बोइंग ७३७ उतरण्याच्या मार्गावर वादळी हवेत सापडलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या प्राथमिक अहवालानुसार भारगुणक अधिक २.६४ पासून उणे १.३६ पर्यंत हेलकावला. दोन्ही आकडे प्रवासी विमानाच्या आखलेल्या मर्यादांच्या पलीकडचे. विमान सुखरूप उतरलं, पण डझनाहून जास्त लोक जखमी झाले आणि त्यातला एक प्रवासी काही महिन्यांनी दगावला.

उणे १.३६चा अर्थ शांतपणे पाहावा. पट्टा न बांधलेला माणूस त्या क्षणी मुक्तपणे पडत असतो आणि विमान त्याच्याहून जोरात खाली जात असतं. डोक्यावर एक मीटर जागा असेल, तर छत त्याच्यावर चार दशांश सेकंदांत आदळतं. हात वर करायलाही वेळ नाही. मग २.६४ येतं आणि साठ किलोचा माणूस एकशेअठ्ठावन्न किलोंच्या वजनाने खाली, बहुधा आसनाच्या दांड्यावर किंवा शेजाऱ्यावर, पडतो. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानात असंच झालं. अधिक १.३५ वरून उणे १.५ वर काटा जायला ०.६ सेकंद लागला आणि चार सेकंदांत तो पुन्हा अधिक १.५ वर आला. विमान या काळात खाली आलं फक्त १७८ फूट. बातम्यांत मात्र ‘हजारो फूट कोसळलं’ असंच गाजत राहिलं. किती फूट उतरलं याने कुणाला इजा होत नाही. उतरण्याचा वेग किती झटक्यात बदलला, याने होते. पट्टा बांधण्याचा दिवा विझल्यावर पट्टा लगेच सोडून देण्याची आपल्याकडची सवय या दोन घटनांसमोर टिकत नाही. वळणाला घाबरणारा प्रवासी पट्ट्याबाबत निष्काळजी असतो, हे उलटं झालं आहे आणि ते बदलायला हवं.

यंत्राने माणसाला आवरावं की नाही, हा या क्षेत्रातला जिवंत वाद. एअरबस ए३२० मध्ये वैमानिकाने काडी कितीही खेचली, तरी संगणक नेहमीच्या अवस्थेत २.५ जींच्या पुढे जाऊ देत नाही आणि ६७ अंशांपलीकडे कलू देत नाही. हे दोन आकडे एकाच नाण्याच्या बाजू आहेत, कारण समतल वळणात ६७ अंशांचा भारगुणक अडीचच्या आसपासच येतो. बोइंगची परंपरा वेगळी. त्यांच्या नव्या विमानांत काडी जड होत जाते, इशारा मिळतो, पण जोर लावला तर वैमानिकाचं चालतं. लढाऊ विमानांत संगणक आणखी पुढे गेला आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत अॅरिझोनावर प्रशिक्षणात एक एफ-१६ चा वैमानिक आठ जींहून अधिक भाराखाली बेशुद्ध झाला. विमान जमिनीकडे सुसाट निघालं, शिक्षक रेडिओवर ओरडत राहिला, आणि स्वयंचलित यंत्रणेने स्वतःच विमान सरळ करून वर खेचलं. वैमानिक वाचला.

बोइंगपंथीय मात्र १९ फेब्रुवारी १९८५ ची आठवण काढतात. चायना एअरलाइन्सचं बोइंग ७४७-एसपी पॅसिफिकवर ४१,००० फुटांवर असताना एका इंजिनाची ताकद गेली, विमान कलत कलत उलटं झालं आणि ढगांतून गरगरत खाली निघालं. वैमानिकांना ९,५०० फुटांवर ते सावरता आलं. नोंदीत पाच जींहून अधिक भार सापडला, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. शेपटीच्या आडव्या पंखांचे तुकडे उडाले, पंख कायमचे किंचित वाकले, तरी २७४ जणांसह विमान सॅन फ्रान्सिस्कोला उतरलं, दुरुस्त झालं आणि पुन्हा उडालं. अडीच जींची भिंत असती तर ते सावरलं असतं का, असा त्यांचा सवाल. पंख तुटले नाहीत याचं एक कारण असं की, लांबच्या प्रवासात बरंच इंधन जळून विमान हलकं झालं होतं. पंखाला सोसावं लागतं ते बल, आणि हलक्या विमानात तेवढेच जी कमी बलात मिळतात.

सवाल बिनतोड वाटतो, पण तो घटनेच्या मधूनच सुरू होतो. ते विमान पाच जी खेचण्याच्या वेळेपर्यंत पोचलं कारण त्याआधी कुणीही त्याचा कल अडवला नाही. स्वयंचालक चालू ठेवून वैमानिक बंद पडत चाललेल्या इंजिनाकडे पाहत राहिले आणि विमान मुकाट्याने उजवीकडे झुकत गेलं. कलाची मर्यादा पाळणारा संगणक तिथे असता, तर सुरुवातच झाली नसती असं मानायला भरपूर जागा आहे. बेभरवशाच्या क्षणी थकलेल्या माणसाच्या हाती अमर्याद भार देण्यापेक्षा मर्यादेची भिंत बरी, या बाजूला पुरावा अधिक झुकतो. सुरतेच्या धावपट्टीवर ए३२० आणि ७३७ दोन्ही उतरतात. प्रवाशाला दोघांत पंखांचा आणि आसनांचा फरक क्वचितच जाणवतो. मात्र पहिल्यात अडीच जींची ही मर्यादा संगणक राखतो, दुसऱ्यात ती वैमानिकाचे हात आणि त्याचं प्रशिक्षण राखतात.